कमरेपर्यंत चढणारी कावेरी

"गेलं! पाणी गेलं!"

सिंगापूरमधल्या बुकित तिमाहच्या त्या कॉन्डोच्या फंक्शन रूममधली चाळीस माणसं एकदम उभी राहिली. त्यांत बँकांतले मोठे हुद्देदार होते, विद्यापीठातले संशोधक होते, आणि सगळ्यांचेच हात जोडलेले होते. समोर झेंडूंनी झाकलेल्या चौरंगावर एक पितळी भांडं होतं आणि त्याच्या मधोमध रेशमी वस्त्र नेसवलेली वीतभर उंचीची कावेरीअम्मा. पळीपळीने ओतलेलं पाणी तिच्या कमरेला लागलं, आणि कुणी हात न लावता खाली जाऊ लागलं, पार तळ दिसेपर्यंत.

"आई प्याली!" प्रतापस्वामी गरजले. "पाण्याबरोबर व्याधीही पोटात घेतली तिने! सार्सची साथ कुठल्या डॉक्टरने घालवली, सांगा पाहू? थर्मामीटर बघणाऱ्यांनो, जरा आईकडे बघा!"

पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीवर तुळजाक्का बसल्या होत्या. स्वामींना इथे आणलं होतं त्यांनीच.

तुळजाक्का कुंभकोणमच्या. पिढ्यान्‌पिढ्या कावेरीकाठी राहिलेल्या तंजावरी मराठी घरातल्या. त्यांची जुनी, तमिळ हेल असलेली मराठी ऐकून इथल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना गंमत वाटायची. यजमान गेल्यापासून नऊ वर्षांत ती बोली घरात कुणी बोललंच नव्हतं. आणि दोन महिन्यांपूर्वी देवळात एका तिशीतल्या माणसाने त्याच बोलीत विचारलं, "अक्का, तुमच्या घरी डांगर पच्चडी करतात का हो अजून?"

माहेरच्या त्या दह्यातल्या तोंडीलावण्याचं नाव ऐकून अक्कांना तिथेच रडू फुटलं. मग दर गुरुवारी तो, म्हणजे प्रताप, जेवायला येऊ लागला. अक्का बोलत राहायच्या, तो ऐकत राहायचा. तमिळ आडी महिन्याची अठरावी, म्हणजे कावेरीच्या पुराची पूजा, आपण इथेही करू, असं त्याने सुचवलं तेव्हा अक्कांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, "आमच्या गावचा आहे. मी जामीन."

आता त्या जामिनावर विसंबून खालच्या मजल्यावरची वीणा पुढे झाली. वीणा अकाउंटंट, बेचाळीस वर्षांची. छातीत गाठ निघाली होती आणि मंगळवारी ऑपरेशन होतं. सार्सच्या दिवसांपासून हॉस्पिटलचं नाव काढलं की ती विषय बदलायची.

स्वामींनी डोळे मिटले. "आई बोलते आहे. चक्रघाटाच्या पायऱ्या दिसतात... सात वर्षांची पोर पुरात पडली... तिच्या आईने उडी मारून तिला काढलं. कावेरीने जिला परत दिलं, ती आज इथेच बसली आहे!"

सगळ्या माना अक्कांकडे वळल्या. कुणीतरी त्यांच्या पाया पडलं.

अक्का मात्र गारठल्या. घाटावरून त्या पडल्या होत्या, हे खरं. पण त्यांना काढलं होतं एका नावाड्याने. आई तेव्हा घाटावर नव्हतीच. ती घरी अंथरुणाला खिळलेली होती आणि महिन्याभरात गेली. काढणारी आई असती तर, असं अक्कांना जन्मभर वाटत आलं होतं, आणि एका गुरुवारी वाढता वाढता त्यांनी प्रतापला आईनेच काढलं असं सांगून टाकलं होतं. जगात त्या एकट्यालाच.

कावेरी त्या दिवशी तिथे होती. तिला नावाडी आठवू नये?

"मंगळवारचं रद्द कर, बाळ," स्वामी म्हणाले. "आईने स्वीकारलं." वीणा रडत रडत हसली आणि पर्समधून फोन काढू लागली.

"थांब गं वीणा." अक्का उठल्या. "प्रताप, मला ओतू दे."

"अक्का, मंत्राशिवाय—"

"मंत्र मलाही येतात."

अक्कांनी पळीपळीने पाणी ओतलं आणि देवीच्या गुडघ्यांशी थांबल्या. मिनिट गेलं. पाणी हललं नाही.

"आई रागावली!" स्वामी म्हणाले.

अक्कांनी आणखी चार पळ्या ओतल्या. पाणी कमरेला लागलं आणि सरसर उतरलं.

"चार पळ्यांत राग गेला?"

मागून त्यांची अकरा वर्षांची नात श्रिया इथल्या इंग्रजीत ओरडली, "आजी, सेम लाइक टॉयलेट फ्लश, लाह!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. अक्कांनी झेंडू बाजूला सारले. चौरंगाच्या पोटात ट्रे होता आणि सकाळपासून प्यायलेली सगळी कावेरी त्यात साचली होती. मग त्यांनी देवीचं वस्त्र सोडलं. पावलांमागे एक भोक होतं.

"आत वाकडी नळी आहे. इथून वर जाते, कमरेशी वळते आणि भांड्याच्या बुडातून बाहेर पडते. पाणी वळणाच्या वर चढलं की नळी भरते, आणि मग सगळं ओढून घेते. खाली थांबलात तर काही होत नाही. आमच्या भांड्यांच्या गल्लीत असा पेला मिळायचा. मधे वसुदेव, डोक्यावर कृष्ण. पोरं खेळायची आणि तांबट स्वतः कापून आतली नळी दाखवायचा. त्याला अभिमान होता त्याचा. तू ती विद्या लपवलीस, प्रताप."

प्रताप जवळ वाकून त्यांच्याच बोलीत कुजबुजला, "अक्का, आपल्या माणसाला असं करता? उद्यापासून कुणाशी बोलाल?"

हे मात्र अक्कांच्या वर्मी लागलं.

"नाही बोलणार," त्या सगळ्यांना कळेल अशा मराठीत म्हणाल्या. "पण हिचं मंगळवारचं चुकवणार नाही."

प्रताप भांडं तिथेच टाकून गेला. वीणाने फोन पर्समध्ये ठेवला, पण नजर वर केली नाही. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी आले होते, अक्का."

"चुकलं माझं. बोली ऐकली आणि पारख करायची विसरले. तू तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. डॉक्टरला विचार. पटेपर्यंत विचार. चिडला तर दुसऱ्याला विचार. पण जो विचारूच देत नाही, तो गावचा असो की घरचा, त्याच्यासमोर हात जोडू नकोस."

मंगळवारी सकाळी सात वाजता हॉस्पिटलला निघालेल्या वीणाने अक्कांची बेल वाजवली. हातात एक कागद होता, आणि त्यावर डॉक्टरला विचारायचे अकरा प्रश्न.