दर्भाचा कावळा

आमिषाच्या बरणीचं झाकण उघडण्याआधी नीनाताईंनी ओढणी नाकावर घट्ट बांधली. शेडमधल्या बॉयलरच्या उबेला ठेवलेल्या अंड्यांचं तीन आठवड्यांत करडं पाणी झालं होतं, आणि त्यात बांगड्याचे तुकडे विरून गेले होते. जन्मात मासळीला हात न लावलेल्या त्या बाईनं काठीनं ते सगळं ढवळलं, वरून दोन चमचे मध सोडला, ग्लिसरीन ओतलं, आणि मनातल्या मनात रामनाम घेत ती एक पाऊल मागं सरकली.

"आता यात सैतानाचं शेण हवं," कुंपणापलीकडून टेड म्हणाला. ऐंशीच्या घरातला टेड उभा जन्म रानाची राखण करत आला होता. कोल्ह्यांविषयी तो जावयाविषयी बोलावं तसा बोले. "माझा बाप त्याशिवाय फासा लावायचा नाही. ही त्याचीच डबी. तळाला थोडंसं उरलंय बघ."

नीनाताईंनी डबी हातात घेतली. तळाशी तपकिरी खडा चिकटला होता. त्यांनी ओढणी खाली करून वास घेतला आणि तोंडून मराठीच निघालं, "अगबाई, हा तर हिंग!"

मग त्या हसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

"हे मी रोज आमटीत घालते, टेड."

"तरीच तुझ्या किचनच्या खिडकीखाली पावलं उमटतात," टेड म्हणाला. "नर आहे. म्हातारा झालाय. दुपारी येतो, भरदिवसा. असं करणारा कोल्हा मी फारसा पाहिलेला नाही."

नीनाताईंचं हसू तिथंच थांबलं. पुरुषोत्तमराव होते तेव्हा फोडणीत हिंग पडला, की बाहेरच्या खोलीतून दोन शिंका ऐकू यायच्या. दोनच, तिसरी कधी नाही. "झालं का गं?" अशी हाक त्यापाठोपाठ यायची.

कोल्हा पकडायचा हट्ट त्यांचाच होता. कोंबड्या पुरुषोत्तमरावांच्या. लेस्टरच्या हॉस्पिटलातल्या लॅबमधून रिटायर झाल्यावर त्यांनी शहरापासून दूर हे घर घेतलं आणि सात कोंबड्या पाळल्या. ते ऑक्टोबरात गेले. तेव्हापासून कोल्ह्यानं पाच नेल्या. रविवारी मुलाचा, यतीनचा, ईलिंगहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला.

"आई, किती उरल्या?"

"दोन."

"हे बघ, मी फोर्स करत नाहीये. पण आपलं ठरलंय ना? कोंबड्या आहेत तोवर तू तिथं. त्या संपल्या की इकडे. एवढ्या लांब एकटी, विंटरमध्ये... बाबांच्या दहाव्याला मी सगळ्यांसमोर बोललोय गं."

"संपतील तेव्हा बघू."

"वरची रूम पेंट करून ठेवलीय. मायरा रोज विचारते, आजी कधी येणार."

पोरगा वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर भांडता आलं असतं.

टेडनं मागच्या अंगणात झडपेचा पिंजरा मांडून दिला होता, आणि त्याचे नियम कडक होते. हातमोजे उकळून घ्यायचे आणि घरात आणायचे नाहीत. फाशाचे कपडे बाहेर दोरीवर वेगळे ठेवायचे. साबण नाही, अत्तर नाही. वाटेत कुणाला शिवायचं नाही. माणसाचा वास लागला की सगळं फुकट.

"याला आमच्यात सोवळं म्हणतात," नीनाताई म्हणाल्या.

"कोल्ह्यासाठी?"

"देवासाठी."

टेडनं टोपी मागं सरकवून डोकं खाजवलं. "म्हणजे तुला हे मी शिकवायला नको होतं."

आणि खरंच, चाळीस वर्षांचं सोवळं त्या पिंजऱ्यापाशी कामाला आलं. पूजा आटोपून, बारा वाजता देवाला नैवेद्य दाखवून, एकवेळचं जेवण करून त्या बाहेरच्या कपड्यांत शिरत. झाडाच्या फांदीनं आमिष लावत, पाला सारखा करत, परत येऊन डोक्यावरून पाणी घेत. फेब्रुवारीच्या थंडीत दिवसाला दोन अंघोळी. जीवहत्येचं पाप लागणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण घर सुटण्याच्या कल्पनेपुढं ते पापही त्यांनी ओच्यात बांधून घेतलं होतं.

अकरा दिवस गेले. कोल्हा पिंजऱ्याला वळसा घालून जायचा. पावलं दारापर्यंत यायची, तिथं थोडी घुटमळायची आणि सरळ किचनच्या खिडकीखाली जायची. शनिवारी दुपारी यतीन एका बंदूकवाल्या माणसाला घेऊन येणार होता. पिंजऱ्यात सापडला तर ठीक, नाहीतर आईची बॅग भरायची, असं तो हसत हसत म्हणाला होता.

"वासाला भुलायचं वय नाही त्याचं," शुक्रवारी टेड म्हणाला. "म्हातारा कोल्हा ओळखीचंच खातो. तुझ्या आवारात त्यानं कधी काही मनापासून खाल्लं असेल, तर ते ठेव. आठव."

नीनाताईंना आठवावं लागलं नाही.

दहाव्याचा दिवस. लेस्टरहून गुरुजी आले होते. मागच्या अंगणातल्या दगडी भिंतीवर पिंड ठेवला होता. समोरच्या झाडावर कावळे होते, चांगले वीस-पंचवीस. पण एकही खाली येईना. यतीन धोतरावर जाड कोट घालून हात जोडून उभा होता. "बाबा, आईला एकटं ठेवणार नाही. आमच्याकडे नेऊ." कावळे ढिम्म. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. तास उलटून गेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, इथल्या कावळ्यांना काय कळतंय, आणि गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. मंडळी पानावर बसली.

वाढता वाढता नीनाताईंचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. भिंतीवर कोल्हा उभा होता. भर दुपारी, वीस माणसं घरात असताना. त्यानं पिंड हुंगला, मान वर करून खिडकीतून थेट आत पाहिलं, आणि सावकाश, शीत न् शीत खाल्लं. माहेरी आजी म्हणायची, कोल्ह्याचं तोंड दिसलं की दिवस फळतो. त्या दिवशी काय फळायचं होतं? नीनाताईंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी भात चढवला. घरात उगाच पिंड करत नाहीत, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. देव्हाऱ्यातल्या रामापुढं त्यांनी नाक घासलं आणि मग भातात काळे तीळ आणि तूप घालून गोळा वळला. पिंजऱ्याच्या टोकाशी ठेवला. या वेळी हातमोजे घातले नाहीत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

परत येऊन, अंघोळ करून त्यांनी आमटीची फोडणी टाकली. तेलात हिंग फुलला. खिडकी उघडी होती.

बाहेर कुणीतरी शिंकलं.

पुन्हा शिंकलं.

पळी हातात धरून नीनाताई तिसऱ्या शिंकेची वाट बघत राहिल्या. ती आली नाही. मग झडप पडल्याचा आवाज आला.

कोल्हा पिंजऱ्यात धडपडत नव्हता. टेडनं सांगितलं होतं, तारा चावेल, ओरडेल, जवळ जाऊ नकोस. हा पुढचे पाय जुळवून बसला होता. तोंडाशी पिकलेले केस. पुढ्यात पिंड, आणि त्याला त्यानं तोंडही लावलेलं नव्हतं. तो त्यांच्याकडे बघत होता, ताट वाढून कुणीतरी थांबायला सांगितल्यासारखा.

यतीन यायला अर्धा तास होता.

नीनाताई ओल्या गवतावर बसल्या. हात आपोआप जोडले गेले.

"मायराला संस्कृत शिकवीन," त्या हलकेच म्हणाल्या. कोल्हा हलला नाही.

"यतीनवर रागावणार नाही."

वारा आला. झाडावर एक कावळा ओरडून गप्प झाला. कोल्ह्यानं भाताकडे बघितलंही नाही.

"कोंबड्या सांभाळीन. उरल्यात तेवढ्या." आणखी काय उरलं होतं? चार महिन्यांत जो शब्द जिभेवर आला नव्हता, तो आला. "अहो," त्या म्हणाल्या. "अहो, मी नाही जात. इथंच राहते. कोंबड्या असोत नसोत. मला कुणी नेणार नाही."

कोल्ह्यानं मान खाली घातली आणि खायला सुरुवात केली.

यतीन आला तेव्हा बंदूकवाल्याची व्हॅन त्याच्या मागोमाग फाटकात थांबली. आई दाराशी उभी होती, केस ओले, खांद्यावर टॉवेल. तो तसाच मागच्या अंगणात गेला. पिंजऱ्याचं दार वर उचलून दगडानं टेकवलेलं होतं.

"आला नाही ना? मला माहीत होतं. आई, आता तरी..."

बोलता बोलता तो वाकला. पिंजऱ्याच्या तळाशी तुपाचा डाग होता, आणि चार-दोन काळे तीळ. त्यानं एक तीळ बोटावर उचलून घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला.

"आई, हे काय आहे?"

"शिवला रे," नीनाताई म्हणाल्या.

यतीन उठून उभा राहिला. फाटकाशी व्हॅनचं इंजिन चालूच होतं. त्यानं आईच्या ओल्या केसांकडे पाहिलं, मागच्या भिंतीकडे पाहिलं. मग अगदी लहान आवाजात विचारलं,

"तू काय कबूल केलंस?"

"आमटी निवतेय," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला जायला सांग, आणि हातपाय धुऊन ये. पान वाढते."