मास्तरांनी सैल केलेला मोजा

घरात कुणी आजारी पडलं की आपण सगळेच अर्धे डॉक्टर होतो. गोळी परस्पर कमी करतो, पथ्य सोयीने वाकवतो आणि वर म्हणतो, काळजीपोटी केलं. आमचे टेलर मास्तर तर अर्ध्यावर थांबणारे नव्हतेच.

त्यांच्या बायकोच्या डाव्या पायात, आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सूज उतरावी म्हणून पायाचं माप घेऊन गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा दिला. सकाळी उठल्या उठल्या चढवायचा, रात्री झोपताना काढायचा. तो चढवणं म्हणजे रोजची कुस्तीच. बाई पलंगावर, मास्तर जमिनीवर आणि दोघंही घामाघूम. रात्री मोजा उतरवला की पोटरीवर लाल वळ दिसायचे आणि मास्तरांचा जीव तुटायचा. जन्मभर लोकांचे तंग कपडे सैल करून दिले आणि घरच्या माणसाला मात्र असं करकचून बांधायचं?

शेवटी एक दिवस त्यांनी गुपचूप मोजा मशीनवर घेतला. बाजू उसवून आत ताणणाऱ्या कापडाची पट्टी घातली. काम इतकं सफाईदार की शिवण शोधून सापडू नये. दुसऱ्या सकाळी मोजा सुळकन चढला. सवय झाली बघ तुला, असं मास्तर म्हणाले. बाई नुसत्या हसल्या.

काही आठवड्यांनी मेहुणी आली. ती नर्स, बोलायला फटकळ, पण भावोजींवर तिचा भारी जीव. बहिणीचा पाय बघून तिने मास्तरांनाच टेप लावायला सांगितली, दोन्ही पोटऱ्यांना. मास्तरांनी मोजलं, मग पुन्हा मोजलं. डावी पोटरी चांगलीच जाड भरली. त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी आपणहून सगळं कबूल केलं.

"भावोजी, तो तंग असतो तो मुद्दाम," मेहुणी म्हणाली. "घोट्याशी सगळ्यात घट्ट, वर जाऊ तसा कमी. त्या दाबाने पायात साचलेलं रक्त वर सरकतं. फारच रुतत होता तर डॉक्टरांकडे जायचं, त्यांनी माप तपासलं असतं. कात्री कशाला घेतलीत?"

"तिचे वळ बघवत नव्हते गं."

मग बाईंनी हळूच सांगितलं, मोजा सैल झाल्याचं त्यांना पहिल्याच सकाळी कळलं होतं. यांना वाईट वाटेल म्हणून त्या गप्प राहिल्या आणि पाय पुन्हा सुजायला लागला तेव्हा तोही झाकून ठेवला. मेहुणीने कपाळाला हात लावला. दोघांची एकमेकांवर एवढी माया, आणि भोगत होता तो बिचारा पाय!

तिघं लगेच डॉक्टरांकडे गेले. तपासणीत नवी गुठळी निघाली नाही, थोडक्यात निभावलं. पण अशीच हयगय केली तर सूज आणि दुखणं कायमचं मागे लागू शकतं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पुन्हा माप घेऊन नवा मोजा दिला.

मंडळी, आपल्या माणसाचा त्रास बघवत नाही, हे अगदी खरं. पण त्यापायी उपचारच सैल केला, तर भोगावं लागतं ते त्याच माणसाला. काही खुपत असेल तर डॉक्टरांना सांगावं आणि एकमेकांपासून तर मुळीच लपवू नये.

दुसऱ्या सकाळी मास्तर पलंगाशी बसले. टाचेवरून मोजा चढवताना बाई कळवळल्या आणि मास्तरांचा हात थांबला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"थांबू नका," बाई म्हणाल्या. "ओढा."

मास्तरांनी ओढला.