जेवण आमच्याकडून

परदेशात जाताना पैसे कुणी सांभाळायचे, यावर आम्हा इराण्यांचं एकमत आहे. एकाने. त्याला मादरखर्ज म्हणतात. बाकीच्यांनी आपापली रोकड त्याच्या हवाली करायची, त्याने भाडं, बस, पाव, चहा सगळं भागवायचं आणि घरी परतल्यावर हिशेब करून ज्याचं त्याला द्यायचं. मधेच किती उरले म्हणून विचारायचं नाही. विचारलं, की समोरच्याला चोर म्हटल्यासारखंच होतं. पद्धत चांगली आहे, फक्त मादरखर्ज चांगला हवा. गोलनारच्या नशिबी तिची वहिनी आली.

भाऊ-वहिनीसोबत कझवीनहून आर्मेनियातल्या येरेवानला निघताना गोलनारने तपासणीचे दोनशे डॉलर कोटाच्या अस्तरात शिवून ठेवले होते. तिला परदेशातल्या एका वृद्धाश्रमात नोकरी मिळाली होती. त्या देशाचा दूतावास आमच्याकडे नाही, येरेवानला आहे; तिथे कागद द्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायची होती आणि फी तिथल्या तिथे रोख भरायची होती. ती वेळ चुकली असती तर दूतावासाची तारीख गेली असती, आणि तारीख गेली की नोकरीही. आमच्या बँकांची कार्डं सरहद्दीपलीकडे कुठल्याच यंत्रात चालत नाहीत, त्यामुळे जवळ असेल तेवढंच आपलं.

सरहद्दीवर नोरदूजच्या नाक्यावर कोट काढून दाखवायची वेळ आली आणि वहिनीने, म्हणजे फरंगीसने, अस्तरातली शिवण पाहिली. बस सुटल्यावर ती पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पैसे वेगळे ठेवलेस का गं? ठेव हो. आम्ही काय, परकीच माणसं."

"तसं नाही वहिनी. ते डॉक्टरचे आहेत."

"मग माझ्या पिशवीत काय डॉक्टरला विटाळ होणार आहे?"

गोलनारने भावाकडे पाहिलं. सियामक खिडकीबाहेर डोंगर बघत होता. हा माणूस घरात भांड्याला भांडं लागलं की खिडकीच शोधतो. सगळी बस ऐकत होती, आणि आमच्यात अशा वेळी माणूस एकच गोष्ट करतो. गोलनारने दातांनी शिवण उसवली आणि दोनशे डॉलर वहिनीच्या हातावर ठेवले. वर "माझं काय, तुमचं काय, एकच" असंही म्हणाली. ते म्हणताना तिला स्वतःचाच राग आला.

येरेवानमध्ये फरंगीसने हात असा आखडता घेतला की बघत राहावं. पैसे बदलायला तिने दोघांना चार दुकानांपुढे उभं केलं आणि शेवटी पहिल्याच दुकानात बदलले. खोली पाचव्या मजल्यावर घेतली, कारण लिफ्ट नसलेली स्वस्त. दुपारी पाव, चीज आणि काकडी, रात्री काकडी, चीज आणि पाव. गोलनारने एकदा कॉफी मागितली, तर म्हणाली, "तिकडे गेलीस की पी हवी तेवढी. तोवर आम्हाला जगू दे." निदान डॉक्टरचे पैसे तरी हिच्या मुठीतून सुटायचे नाहीत, असं गोलनारने मनाला समजावलं.

खरी आग वेगळीच होती. वडील गेल्यापासून अंथरुणाला खिळलेली आई गोलनारने एकटीने सांभाळली होती; या चार दिवसांपुरती तिच्याजवळ शेजारीण बसली होती. गोलनार परदेशी गेली की म्हातारी वहिनीच्या वाट्याला येणार. फरंगीस हे सरळ बोलत नसे. जिने चढता-चढता श्वास घ्यायला थांबली की म्हणे, "आपल्या आईला टाकून परक्या म्हाताऱ्या धुवायला निघालीय. पगार मिळतो ना त्यांचा."

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी फरंगीसने जाहीर केलं, की संध्याकाळी मनूचेहरला भेटायचं. मनूचेहर तिचा मावसभाऊ. बरीच वर्षं येरेवानमध्ये फरशांचं दुकान चालवतो, बायको आर्मेनियन.

"इतक्या लांब येऊन भेटलो नाही तर जन्मभर बोलून दाखवेल," ती म्हणाली.

सहा वाजता मनूचेहर एका हॉटेलात बायको, तीन मुलं, सासू आणि सासूची बहीण घेऊन हजर झाला. काकडीवर दिवस काढलेल्या फरंगीसने कबाब मागवले, मासे मागवले, पुरुषांसाठी वाईन मागवली. सासूच्या बहिणीला दात नव्हते, तिच्यासाठी वेगळं सूप. गोलनार प्रत्येक ताटाची किंमत मनात मांडत होती. मनूचेहर बिल देईल, दुसरं कोण देणार, असं ती स्वतःला सांगत राहिली. गाव त्याचं, पाहुणे आपण.

बिल आलं. आता आमच्यात बिल आलं की भांडावंच लागतं, नाही भांडलात तर खानदान निघतं. पण त्या भांडणालाही रीत आहे. पाहुण्याने हात पुढे करायचा, यजमानाने तो धरायचा, पाहुण्याने शपथ घालायची, यजमानाने उलटी शपथ घालायची, आणि शेवटी यजमानाने जिंकायचं. फरंगीस उठून उभी राहिली आणि तिने बिलावर तळहात ठेवला.

"हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. जेवण आमच्याकडून."

"छे, असं कसं?" मनूचेहर म्हणाला. आणि अर्धवट काढलेलं पाकीट त्याने खिशात परत ठेवलं.

बस, एवढंच. ना दुसरी फेरी, ना तिसरी. इतकी वर्षं बाहेर राहून माणूस रीत विसरला, की रीत चांगली लक्षात ठेवून त्याने आपला फायदा पाहिला, ते त्याचं त्याला ठाऊक. फरंगीसने पिशवी उघडली. गोलनारला तिच्या बोटांतल्या हिरव्या नोटा दिसल्या. त्यांतल्या दोन मधोमध घडी पडलेल्या होत्या. अस्तरात बसाव्यात म्हणून ती घडी तिनेच घातली होती.

मनूचेहरच्या घरी चहाला जायचं ठरलं. तो आपलं बिऱ्हाड घेऊन पुढे चालू लागला. मागे गोलनारने रीत मोडली.

"वहिनी, किती उरले?"

फरंगीस थांबलीच. "काय म्हणालीस?"

"सकाळी डॉक्टरचे दोनशे भरायचेत. किती उरले?"

"तीसएक असतील. मग काय करायला हवं होतं? भावासमोर तोंड काळं करून घेऊ? तुझ्यासारखी मी वाऱ्यावर नाही, मला माहेर आहे."

"तो देईल म्हणून तुम्ही बिलावर हात ठेवलात ना?"

फरंगीसने खांद्यावरची पिशवी सावरली. "तारीख पुढे ढकलून मिळते. पुढच्या वर्षी जा. कुठे पळून चाललंय ते म्हातारघर?"

तिने ते इतक्या शांतपणे म्हटलं की गोलनारला सगळं लख्ख कळलं. हिची चूक झालेली नव्हती. आपला मावसभाऊ किती पाण्यात आहे हे हिला लहानपणापासून ठाऊक. नाक्यावरची शिवण दिसली तेव्हापासून ही अशाच एखाद्या जेवणाची वाट बघत असेल. गोलनारच्या अंगाचा तिळपापड झाला.

"दादा, ऐकतोयस ना?"

"तुम्ही दोघी बघा बुवा," सियामक म्हणाला. "मला यातलं काही कळत नाही."

मनूचेहरच्या घरी चहा आला, सुकामेवा आला. पोट भरलेला माणूस फार उदार होतो. मनूचेहर छातीवर हात ठेवून म्हणाला, "घर तुमचं आहे. गोलनार-जान, तू तर मला धाकट्या बहिणीसारखी. काही लागलं, पैसाअडका, काहीही, नुसतं तोंडातून काढ. हा जीव तुझ्यावरून ओवाळून टाकीन."

याला आम्ही तारुफ म्हणतो. हे बोलायचं असतं आणि समोरच्याने "तुमची सावली आमच्यावर राहो" म्हणून चहाचा घोट घ्यायचा असतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं. गोलनारने पेला खाली ठेवला.

"लागलंय," ती म्हणाली. "दोनशे डॉलर. आत्ता."

मनूचेहर हसला. गोलनार हसली नाही. त्याचा हात छातीवर तसाच राहिला.

"ही थट्टा करतेय," फरंगीस घाईने म्हणाली.

"थट्टा नाही. माझ्या डॉक्टरच्या पैशांचं तुम्ही सगळे आत्ता जेवून आलात. मासे माझ्याच पैशांचे होते, दादा. हे म्हणाले तोंडातून काढ, म्हणून काढलं."

"गोलनार," सियामक म्हणाला. त्याला जन्मात पहिल्यांदा खिडकी सापडत नव्हती.

मनूचेहरची बायको अनूश दारात उभी होती. तिला फारसी बेताचीच येई. तिने नवऱ्याला काहीतरी विचारलं, त्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी सांगितलं. अनूश आत गेली आणि पैसे घेऊन आली. तिला त्यात लाजण्यासारखं काही दिसलंच नाही. नवऱ्याने देतो म्हटलं, पाहुणीने मागितलं, मग द्यायला नकोत? गोलनारने नोटा सगळ्यांसमोर मोजल्या, एकेक करून, आणि या वेळी स्वतःच्या ब्लाऊजमध्ये ठेवल्या. फरंगीसचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं होतं. माहेरची जी अब्रू वाचवायला एवढं जेवण घातलं, ती चहाबरोबर वाहून गेली. गोलनारला तिची जराही कीव आली नाही.

सकाळी सियामक एकटाच तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत आला. पायऱ्यांशी थांबून म्हणाला, "फरंगीस रात्रभर रडत होती. जाण्याआधी तिची माफी माग. मोठी आहे ती."

"आणि माझे पैसे?"

"पैशाचं काय गं, ते येतील जातील. घर तुटतंय इथे."

गोलनारला वहिनीचा राग आला होता, पण वहिनी निदान लढली तरी. आपल्या गळ्यात काय पडणार आहे हे तिला पुरतं कळलेलं होतं आणि ते टाळायला तिने जमेल ते केलं. हा मात्र दोघींच्या मधे बसून जेवला होता.

"आईला रात्री कितीदा कुशीवर वळवावं लागतं, माहीत आहे तुला?"

सियामक गोंधळला. "म्हणजे? ती झोपते ना रात्री?"

"आणि पाठीला कोणतं मलम?"

त्याने रस्त्याकडे नजर वळवली.

"वहिनीलाही माहीत नाही," गोलनार म्हणाली. "तिला सांगायचं नाही. तिने रडून घेतलंय तिच्या वाट्याचं. तुला सांगणार आहे, तू शिकायचंस. आई तुझी आहे."

"मी? पण मला दुकान आहे, गोलनार. मी पुरुषमाणूस, मला कसं..."

वरून परिचारिकेने तिचं नाव पुकारलं. गोलनार पायऱ्या चढून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.