राणीचं बसकं नाक

अध्यक्षांनी अंगठा तोंडात घातला, थुंकीने चांगला ओला केला आणि राणीच्या गालावरून फिरवला. "इथं जरा गुळगुळीत हवं," म्हणाले.

धाकटीला ते बघवलं नाही. माणूस पुतळा समितीचा अध्यक्ष असो नाहीतर आणखी कुणी, दुसऱ्याच्या कामाला थुंकी लावायची? पण तिचा दादा शेजारी तोंडभर हसत उभा. पुतळ्यांचा कारखाना आता तो चालवत होता.

राणीची गोष्ट साधी. नवरा मेला, दीर शत्रूला शरण गेले आणि हिने एकटीने किल्ला लढवून घराण्याचं राज्य राखलं. आता गंमत बघा, त्या घराण्यातल्या झाडून सगळ्या राजांची चित्रं आहेत, नुसती गादी उबवून गेलेल्यांचीसुद्धा. हिचं एकही नाही. म्हणून पुतळ्याचं काम आलं तेव्हा अण्णांनी, म्हणजे या दोघांच्या वडिलांनी, कुणाला न विचारता तिला आपल्या गेलेल्या बायकोचा चेहरा दिला. बसकं नाक, रुंद जिवणी, आणि कुणी थापा मारायला लागलं की चढायची तशी चढलेली एक भुवई.

आईचा फोटो घरात नव्हता. फोटो म्हटलं की "हात मातीचे आहेत माझे" म्हणून ती पळायची. खरंच असायचे, कारखान्याची माती जन्मभर तिनेच मळली. अण्णांनी आठवणीतून तिला उभी केली आणि साचा काढायच्या आतच तेही गेले. आईचा चेहरा आता होता तो फक्त या ओल्या मातीत.

"नाक सरळ करा," अध्यक्ष दात कोरत म्हणाले. "ही तर भाजीवाली वाटते. राजघराण्यातली बाई आहे हो. आमच्या सूनबाईंसारखं काहीतरी करा." त्यांनी मोबाईलमधला फोटो पुढे केला.

"करू की साहेब, आत्ता करू."

धाकटीने दादाला बाजूला ओढलं. कायम बाहेरच्या कामात असतो, याच्या लक्षातच आलं नसेल, असं तिला वाटलं. "दादा, ती आई आहे."

"माहीत आहे मला," दादा म्हणाला.

किळस आली तिला. न ओळखणारा भाऊ परवडला असता.

"मग साचा तरी काढून घेऊ. उद्यापर्यंत थांब, नंतर काय हवं ते कर."

"साहेब उभे आहेत. उगाच नाटकं करू नकोस." त्याने पातळ तार ताणली आणि खरवस कापावा तसं नाक कापलं. तो गोळा हौदात टाकला. काढलेली माती हौदात जायची आणि पायांनी पुन्हा मळली जायची, ही तिथली रीत. आईमागे ते काम धाकटीचं होतं.

"मळून घे," तो म्हणाला. "सूनबाईंचं नाक लांब आहे, माती लागेल."

"मी नाही मळणार."

दादा अध्यक्षांकडे बघून ओशाळं हसला आणि स्वतःच हौदात उतरला. बुटांसकट. आईने त्या हौदात कधी कुणाला चप्पल घालून पाऊल टाकू दिलं नव्हतं. एक खडा गेला तरी मूर्तीला तडा जातो म्हणायची. आता तिच्याच नाकावर रस्त्याची घाण घेऊन तो पचपच नाचत होता.

"ती भुवई मात्र छान आहे, रुबाबदार," अध्यक्ष म्हणाले. "ती राहू द्या."

धाकटी पुतळ्यापाशी गेली. पदराने तिने आधी गालावरची थुंकी पुसली. मग ओला तळवा कपाळावर टेकवला आणि दाबून खाली ओढला. भुवई गेली, डोळे गेले, जिवणी गेली. दादा हौदातून ओरडत होता. सगळं सपाट होईपर्यंत तिने हात थांबवला नाही.

"आता बसवा तुमच्या सूनबाई," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.