पेल्यातलं पांढरं कडं

"वहिनी, नवऱ्याला समुद्रात सोडून पळालात ते पळालात, वर इंजिनही जाळलंत!"

माझा दीर तेंगवांग हे धक्क्यावरून ओरडत होता, म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जाईल असं. मी होडीत खाली मान घालून बसले होते. सुकाणूखालच्या कपाटात समुद्रात राखण करणाऱ्या माजू देवीची फळी आहे. रोज सकाळी तिथे उदबत्ती लावायची, घोटभर पाणी ठेवायचं आणि उदबत्ती विझेपर्यंत कुणाला उलट शब्द बोलायचा नाही, हा माझा नेम. तेंगवांगला तो पाठ आहे.

"बोला की! का अजून विझली नाही?"

बोटभर उरली होती.

मी पळाले नव्हते. आदल्या दिवशी माझा नवरा चिनशुई श्वास रोखून तळाशी गेला होता, काटेगोळे, म्हणजे काटेरी कवचाचे समुद्री जीव काढायला. उन्हाळ्यातले दोनच महिने ते काढायची परवानगी असते. तो खाली असेपर्यंत होडी त्याची जागा दाखवणाऱ्या केशरी तरंग्याजवळ उभी ठेवायची. इंजिन बंद करायचं नाही, स्लोवर ठेवायचं, कारण पाण्याची ओढ आली तर त्याच क्षणी जवळ जावं लागतं. सात वर्षं हे काम माझं. काल स्लोवर दहा मिनिटं झाली नाहीत तोच इंजिन तापल्याचा भोंगा किंचाळायला लागला. रेस दिली की थांबायचा, कमी केली की पुन्हा सुरू. इंजिन गार व्हावं म्हणून मी रेस देऊन एक फेरा मारला, आणि नेमकी तेव्हाच ओढ आली. चिनशुई खडकावर घासला गेला. खांद्याची कातडी सोलली.

तेव्हापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. आताही धक्क्यावर दोरांच्या गुंडाळीवर बसून दुसरीकडेच बघत होता.

मामंजींनी निकाल दिला. "उद्यापासून सुकाणू तेंगवांगकडे. सूनबाई, तू घरी बसून काटेगोळे फोड."

फोडायला माझी ना नव्हती. पण तेंगवांगच्या एका हातात कायम फोन. तरंगा कुठे गेला हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागतं.

उदबत्ती विझली.

"मामंजी," मी म्हटलं, "एकदा इंजिन उघडून दाखवते. मग म्हणाल तसं."

"उघडून काय बघणार?" तेंगवांग हसला. "पाणी ओढायचा रबरी पंखा मी मागच्याच आठवड्यात नवा घातलाय. तरी तापतं म्हणजे हात लावणारीचेच हात तसे."

मी इंजिन सुरू करून स्लोवर ठेवलं. बाजूच्या भोकातून पाण्याची धार जोरात पडत होती.

"पंखा चांगला आहे, भावजी. पाणी ओढलं जातंय. पण रेस दिल्यावर दाबाने वाट काढतं आणि स्लोवर अडतं. म्हणजे पुढे कुठेतरी दार बंद आहे."

"वा! आता देवी इंजिनंही शिकवते?"

इंजिन बंद करून गार होऊ दिलं. चार स्क्रू काढून थर्मोस्टॅट बाहेर काढला. पाणी तापलं की उघडायचं, एवढंच त्या चिमुकल्या झडपेचं काम. शेवयांसाठी धक्क्यावरच्या स्टोव्हवर पाणी उकळत होतं, त्यात ती सोडली. आम्ही चौघं पातेल्यात बघत राहिलो. उकळ्या फुटल्या तरी झडप मिटलेलीच. बाहेर काढली तर सगळीकडून पांढरा, दगडासारखा थर.

"मीठ!" तेंगवांगने मांडीवर थाप मारली. "बाबा, बघा. काम झाल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुवायचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. ही बाई नुसती देवीला हात जोडते!"

मामंजी माझ्याकडे बघून म्हणाले, "इंजिन काय खोटं बोलेल?"

मी रोज धुते. न चुकता, धक्क्यावरच्या निळ्या पिंपातल्या पाण्याने. हे ओठांवर आलं होतं, पण माझी नजर त्या थरावरून हलेना. असाच थर मी सकाळी पाहिला होता.

देवीचा पेला मी त्याच पिंपातून भरते. संध्याकाळी ते पाणी समुद्रात ओतते, म्हणून त्याची चव कधी कुणी घेतली नव्हती. तीन आठवडे पेल्याच्या आत पांढरं कडं धरत होतं. माझ्याच घासण्यात कसूर, असं समजून मी रोज तो राखेने घासत होते आणि देवीची क्षमा मागत होते. काल चिनशुईच्या गडबडीत पेला कपाटातच राहिला आणि उकाड्यात पार सुकला; म्हणून आज सकाळी मी दुसरा ठेवला होता.

मी कपाटातून तो सुकलेला पेला काढून मामंजींच्या हातात दिला. "देवीच्या पेल्याला जीभ कशी लावू म्हणत असाल, तर बोटाने बघा."

त्यांनी बोट फिरवून चाखलं.

"लाटेचं पाणी उडालं असेल," तेंगवांग पटकन म्हणाला.

"बंद कपाटात?"

मामंजी उत्तराला थांबले नाहीत. तरातरा पिंपापाशी गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तेंगवांगच्या पायांवर थुंकलं.

"हे देवळामागच्या विहिरीचं खारट पाणी आहे. तुला नळाचं भरायला सांगितलं होतं."

"नळावर एवढी रांग असते, बाबा! धुण्याचंच तर पाणी. कोण पिणार होतं?"

"देवीला पाजलंस," मी म्हटलं. उदबत्ती विझलेली होती. "आणि पंखा बदलून गावभर माझं नाव खराब केलंस. ही लाज पिंपात मावणार नाही, भावजी."

मी पिंप आडवं केलं. त्याच्या चपला भिजल्या.

मामंजींनी माझी क्षमा मागितली नाही. "सूनबाई, दुपारच्या बोटीने नवीन झडप मागव. आणि पाणी यापुढे तूच भर," एवढं बोलून ते गेले.

तिसऱ्या दिवशी खांद्याला पट्टी बांधून चिनशुई होडीच्या काठावर बसला. मी इंजिन स्लोवर आणलं.

"आज भोंगा वाजला," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तरी हलायचं नाही."

"इंजिन जळेल."

"जळू दे."

तो खाली गेला. केशरी तरंगा हातभर अंतरावर डुलत राहिला. मी एक हात सुकाणूच्या दांड्यावर ठेवला, दुसरा इंजिनावर. ते कोमट होतं. दीड तास तसंच कोमट राहिलं. प्रत्येक वेळी तो वर यायचा, जाळी आत टाकायचा, श्वास घ्यायचा आणि मी तिथेच असणार हे धरून, माझ्याकडे न बघता पुन्हा बुडी मारायचा.