ठिपक्यापासून दोन बोटं डावीकडे

भाचीने कोऱ्या कागदाच्या मध्याजवळ एक ठिपका दिला, त्याच्या डावीकडे दोन बोटं टेकवली आणि तिथून किनारा काढायला घेतला. मामा दारात उभे राहून बूट काढत होते. एक बूट पायात, एक हातात, असे ते तिथेच थांबले.

"हे काय काढतेस?"

"नकाशा. देशाचा." तिने मान वर केली नाही. "भूगोलाच्या पेपरात उत्तरासोबत हाताने नकाशा काढावा लागतो. बघून काढायचा नाही, आणि वेळही घालवायचा नाही."

"ते माहीत आहे मला. ठिपका कुणी शिकवला?"

"सरांनी. केंद्रबिंदू पद्धत म्हणतात. सरांनी स्वतः शोधून काढली आहे."

"स्वतः," मामा म्हणाले आणि हातातला बूट त्यांनी असा आपटला की भाचीची रेघ हलली.

तिने क्लासची पुस्तिका पुढे सरकवली. मागच्या पानावर सर हाताची घडी घालून उभे होते. आत तोच नकाशा. ठिपक्यापासून डावीकडे दोन बोटं, खाली चार, वरच्या डोंगरांपर्यंत तीन. खाली छापलं होतं, 'देशाच्या आकाराचा तोल या बिंदूवर आहे.'

"तोल! कसला डोंबलाचा तोल!" मामा म्हणाले. "तुझ्या मामीचं माहेर आहे ते."

भाचीने पुन्हा ठिपक्याकडे पाहिलं. मामीने तिला लहानपणापासून सांगून ठेवलं होतं, तू फक्त पदवी घे आणि स्पर्धा परीक्षेसाठी माझ्याकडे ये, भूगोल माझ्याकडे लागला. भाची आली तेव्हा मामी हयात नव्हती. तिची खोली तेवढी रिकामी होती.

"याच टेबलावर बसून शोधलंय तिने," मामा म्हणाले. "माझ्या कामाच्या पावत्या पाठकोऱ्या असायच्या, त्यांवर. कितीदा पुसलं, कितीदा काढलं. मी लिफ्ट दुरुस्त करून यायचो तर जेवायला टेबलावर जागा नसायची. आणि हा माणूस घडी घालून उभा आहे!"

"मामा, तुम्ही भांडायला जाऊ नका. पेपर तोंडावर आलाय. या वेळी पास नाही झाले तर बाबा घरी बोलावून घेणार आहेत. हा क्लास सुटला तर कुठे जाऊ?"

मामांनी काढलेला बूट पुन्हा पायात घातला.

क्लास तिसऱ्या मजल्यावर होता. सर आपल्या खोलीत दोघा पालकांना निरोप देत होते. मामांना बघून ते हसले.

"या भाऊजी. लिफ्ट बघायला आलात? परवापासून आवाज करतेय."

मामी इथे तासावर शिकवायची, तेव्हा सर तिला ताई म्हणायचे. म्हणून हे भाऊजी.

मामांनी पुस्तिका टेबलावर ठेवली. "हे तिचं आहे."

सरांनी न उघडताच ती बाजूला केली. "भाऊजी, बसा. नकाशा काय कुणाच्या मालकीचा असतो? ताईंनी शिकवलं, मीही शिकवतो. उद्या आणखी कुणी शिकवेल."

"मग ठिपका तिथेच का?"

"तोल असतो आकाराचा तिथे."

"तिच्या आईचं घर आहे तिथे. पहिल्या दिवशी फळ्यावर ठिपका देऊन ती पोरांना सांगायची, हे माझ्या आईचं घर, आधी इथे..."

"चहा घ्या, मग समुद्राकडे निघा," सरांनी वाक्य पुरं केलं. "माहीत आहे हो. ते आम्ही काढून टाकलं. एवढ्या गंभीर परीक्षेची तयारी, त्यात माहेर न् चहा बरं दिसत नाही."

मामांना वाटलं होतं, सर विसरले असतील. सर काहीही विसरले नव्हते.

"नाव घाला तिचं," मामा म्हणाले. "मला बाकी काही नको."

"ऑफिसात फोटो लावू ना ताईंचा. मोठा करून लावू."

"फोटो माझ्याकडे आहे. पुस्तिकेत नाव घाला."

सरांनी दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवला. "भाऊजी, रागावू नका, पण पोरं पहिला प्रश्न काय विचारतात? या बाई स्वतः पास झाल्या होत्या का? मी निदान मुलाखतीपर्यंत गेलो होतो. ताई लेखीच्या पुढे गेल्या नाहीत. नाव घातलं तर पद्धतीचीच किंमत जाते. मी ताईंच्या पद्धतीचं भलंच करतोय."

मामांचे कान तापले. मामी तीनदा परीक्षेला बसली होती. दर वेळी निकाल लागला की ती टेबल पुसून काढायची, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांची पोरं शिकवायला जायची. त्यांतली काही आज मोठ्या खुर्च्यांवर बसली होती. हे सगळं त्यांना बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तिचं नाव चालत नाही, तर तिचा ठिपकाही चालायचा नाही. बंद करा."

"एवढंच?" सर उठले. "चला."

ते मामांना घेऊन थेट वर्गात गेले. फळा भरलेला होता, पोरं खाली माना घालून लिहीत होती. भाची तासासाठी मागोमाग येऊन दुसऱ्या बाकावर बसली होती. मामांना बघून तिने पेनाचं टोपण लावलं आणि काढलं.

"एक सूचना," सर म्हणाले. "आजपासून केंद्रबिंदू पद्धत बंद. यांची हरकत आहे. आपापल्या पद्धतीने नकाशा काढा."

वर्गात एकच गलका झाला.

"सर, आता? पेपर आलाय की!"

"काका, तुमचं काय घोडं मारलंय आम्ही?"

"ठिपक्याशिवाय माझा देश भोपळ्यासारखा होतो हो काका," मागून एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली. कुणीतरी हसलं, पण बाकी कुणी हसलं नाही. सगळे मामांकडे बघत होते.

सर हाताची घडी घालून उभे होते. पुस्तिकेवर होते तसेच.

मामा जिन्याने खाली आले. लिफ्ट खरंच आवाज करत होती. त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी भाची आली आणि थेट टेबलाशी बसली. मामांनी भाजी चिरायला घेतली. ती ठिपका न देता वरच्या डोंगरांपासून सुरू करून खाली येत होती. पहिल्या कागदावर पश्चिमेचा किनारा पोटात शिरला. दुसऱ्यावर दक्षिणेचं टोक कागदाबाहेर गेलं. तिने तो चुरगळला नाही, घडी करून बाजूला ठेवला आणि तिसरा घेतला.

"तू ठिपका दे की," मामा म्हणाले. "तुला कोण अडवतंय?"

"सगळ्यांना अडवलंत, मला कशी सूट?" ती म्हणाली. "आणि सरांनी ढापला म्हणून तुम्ही तोडून टाकलात. मामीने कशाला शोधला होता तो? पुरून ठेवायला?"

मामांची सुरी थांबली. भाची इतकं कधी बोलली नव्हती. बोलून तीच घाबरली आणि कागदावर वाकली. तिसऱ्या नकाशाचा पूर्वेकडचा भाग असा लोंबला की तिलाच तो बघवेना.

मामांनी हात धुतले, विजारीला पुसले. खुर्ची ओढून ते तिच्याशेजारी बसले. ही खुर्ची मामीची होती आणि भाची आल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. त्यांनी चौथा कागद पुढे घेतला, पेन्सिल मागितली आणि मध्याजवळ एक ठिपका दिला. जरा जास्तच दाबून. पेन्सिलीचं टोक मोडलं.

"हे माझ्या सासूचं घर," ते म्हणाले. "आधी इथे चहा घ्यायचा. मग समुद्राकडे निघायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे एवढंच. ती असंच शिकवायची. ठिपका आणि चहा मिळून पद्धत आहे. त्याने अर्धीच चोरली."

भाची हसली. मग तिने ठिपक्याच्या डावीकडे दोन बोटं टेकवली. तिची बोटं बारीक होती, म्हणून मामांनी स्वतःची दोन बोटं ठेवून पाहिली, आणि उचलून घेतली. तिचीच बरोबर होती.

किनारा नीट खाली उतरला. टोक जिथे यायला हवं तिथे आलं.

"उद्या वर्गात सांगू हे?" तिने विचारलं. "सगळ्यांना? चहासकट?"

"सांग."

"सर चिडले तर? कुणी शिकवलं विचारलं तर?"

मामा चिरलेली भाजी पातेल्यात लोटत होते. पाठमोरेच म्हणाले, "तर नाव सांगायचं."

"मामीने, म्हणून?"

"तुला मामी. त्यांना कोण?" ते म्हणाले. "पूर्ण नाव सांग. आणि फळ्यावर लिही."