डागांची कल्पना नसलेला माणूस

सरांनी फ्रिजवरचा लोहचुंबक उचलला, खालचा परीक्षकाच्या शेऱ्यांचा कागद सरळ केला आणि चुंबक पुन्हा असा आपटला की आतल्या बाटल्या वाजल्या.

"इथेच राहू दे याला. पाणी प्यायला आलो की दोन शिव्या घालतो."

"सकाळपासून अकरा ग्लास झालेत," काकू म्हणाल्या. त्या जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. "तो परीक्षक राहील बाजूला, तुम्हीच वाहून जाल."

पाहुणी अजून दारात चपला काढत होती. ती सरांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. आकडे तपासायच्या आधीच निष्कर्ष लिहून मोकळी व्हायची, म्हणून सर तिला घाईबाई म्हणायचे. आता ती पन्नाशीला आलेली, दुसऱ्या संस्थेत विभागप्रमुख, हाताखाली बारा माणसं. या घरात मात्र बढती मिळाली नव्हती, इथे ती घाईबाईच. सकाळी सरांचा फोन आला होता, "ये, मला एका माणसाला शिव्या द्यायच्यात, साक्षीदार पाहिजे." ती हसत हसत निघाली होती.

"बस," सर म्हणाले. "नाही, उभीच राहा. उभ्यानेच ऐकण्यासारखं आहे. शेरा क्रमांक तीन. 'अर्जदारांना ताऱ्यावरच्या डागांची प्राथमिक कल्पनाही असल्याचं दिसत नाही. एखादं पाठ्यपुस्तक चाळलं असतं तरी बरं झालं असतं.'"

घाईबाईचा एक पाय अजून चपलेत होता. तो तसाच राहिला.

वाक्य तिचं होतं. पाठ्यपुस्तकाचं शेपूट तर तिने खास नंतर जोडलं होतं, आणि जोडून झाल्यावर स्वतःवरच खूश झाली होती.

प्रकार असा होता. अवकाशातली ती मोठी दुर्बीण एक, आणि तिच्यातून बघायला टपलेले लोक हजारो. एका जागेला नऊ अर्ज. ते चाळायला समित्या बसतात. वशिला चालू नये म्हणून अर्जावर नाव नसतं, संस्था नसते, कोणी लिहिलाय याचा वाससुद्धा येता कामा नये. परीक्षकांनीही बाहेर अवाक्षर काढायचं नाही, तशी सही घेतात. घाईबाईने यंदा ती सही केली होती. अकरा दिवसांत एक्केचाळीस अर्ज वाचले होते. त्यातला एक तिने दोन मीटिंगांच्या मधे वीस मिनिटांत निकालात काढला होता. तो सरांचा होता हे तिला आत्ता, एका पायात चप्पल घालून, कळत होतं.

"डागांची कल्पना नाही," सर म्हणाले. "मला."

चाळीस वर्षं सरांनी दुसरं काही केलंच नव्हतं. स्वतःच्या शर्टावर सांडलेली आमटी त्यांना संध्याकाळपर्यंत दिसत नसे, पण सव्वाशे प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा डाग कुठल्या बाजूला सरकला ते बरोबर दिसे.

घाईबाई आत येऊन काकूंच्या शेजारी बसली. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

"सर, पण डागांचं काही लिहिलं होतं का तुम्ही अर्जात?" आवाज तिने जमेल तेवढा भोळा केला.

"कसं लिहिणार? ओळख पटेल असं काही नको, हा पहिला नियम. डागांवर अकरा निबंध माझेच. ते दिले की आंधळ्यालाही कळेल हा म्हातारा कोण. काढले. अकराच्या अकरा. मग तो परिच्छेद लंगडा झाला, म्हणून तोही काढला. मग त्याची आकृती."

"नाव लपवा म्हटलं, तर यांनी आख्खा जन्म लपवला," काकू म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम."

"हो ना. रांगेत पुढे कोणी नसलं तरी हे थांबतात."

सरांनी बारावा ग्लास भरला. त्यांना बघायचा होता तो ग्रह छोटा होता, एका तांबड्या ताऱ्याभोवती फिरणारा. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड त्याच्या हवेतून गाळून येतो. त्या उजेडात वाफेची खूण सापडली तर तिथे पाणी आहे असं म्हणता येतं. गोम एवढीच की असल्या थंड ताऱ्याच्या डागांमध्येसुद्धा वाफ असते. मग सापडलेली वाफ ग्रहाची की ताऱ्याची? हा गुंता सोडवू शकणारी माणसं जगात हाताच्या बोटांवर मोजावीत. त्यातला एक स्वयंपाकघरात उभा राहून फ्रिजकडे डोळे वटारून बघत होता.

"खोलीचं पत्र आलंय," काकू तिच्याकडे न बघता हळूच म्हणाल्या. "संस्थेतली खोली. महिनाअखेर किल्ली द्या म्हणतात. निवृत्तीनंतर तसंच ठरलं होतं, काम चालू असेल तोवर खोली. दुर्बिणीचा वेळ मिळाला असता तर राहिली असती. चौदा वर्षं रोज डबा घेऊन जातात गं. आता कुठे जातील?"

घाईबाईने दाणे सालांच्या ढिगात टाकले आणि सालं चाळणीत. काकूंनी ती परत निवडली.

"सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला म्हणतो पाठ्यपुस्तक चाळ," सर आतून म्हणाले. "काल मिसरूड फुटलेलं कोणीतरी असणार."

"बाई पण असेल," काकू म्हणाल्या.

"बाई असती तर नीट वाचलं असतं."

आपलेच दात, आपलेच ओठ. बोलावं तर सही मोडते, गप्प राहावं तर समोर हा माणूस तेरावा ग्लास भरतोय. घाईबाईने शेंगा बाजूला सारल्या.

"सर, नियम तसा नाहीये. आपले निबंध द्यायचे असतात. फक्त 'आम्ही दाखवलंय' असं म्हणायचं नाही. 'अमक्याने दाखवलंय' म्हणायचं. जसं काही तुमची त्याची ओळखच नाही."

सर बाहेर आले. "म्हणजे मीच माझ्याबद्दल परक्यासारखं बोलायचं?"

"हो."

"वर कौतुकही करायचं?"

"थोडं."

"लाज नाही वाटत लोकांना?"

"नाही वाटत, सर. काही जण तर इतकं करतात की त्यावरूनच ओळखू येतात."

काकू हसल्या. सर हसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि एकदम वयाएवढे दिसायला लागले.

"म्हणजे चूक माझीच," ते म्हणाले. "वाचणाऱ्याची नाही. मला आता साधा अर्जसुद्धा लिहिता येत नाही."

"असं काय म्हणताय, सर." घाईबाईचा आवाज चढला. "अर्ज चांगला आहे. ग्रह उत्तम निवडलाय, तास अचूक मोजलेत. एवढं एक राहिलं. ती आकृती काढल्यावर नवव्या पानावर अर्धी जागा पांढरी राहिलीय, तिथेच माणूस फसतो, वाटतं की यांना पुढे काही—"

ती थांबली.

फ्रिजवर कागद एकच होता, शेऱ्यांचा. अर्ज सरांनी काकूंनासुद्धा दाखवला नव्हता.

काकूंच्या हातातली शेंग उघडायची राहिली. सरांनी ग्लास टेबलावर ठेवला आणि पूर्वी तिचे आलेख बघायचे तसं तिच्याकडे बघितलं. घाईबाई चाळणीतल्या मटाराकडे बघत बसली. मान वर करायची सोय नव्हती.

सर म्हणाले, "वीस मिनिटं तरी दिली असतील त्याने?"

"तेवढीच असतील."

"जेवून वाचला की उपाशी?"

"उपाशीच असेल."

"तरीच."

ते स्वयंपाकघरात गेले. चुंबक निघाल्याचा आवाज आला, मग कागदाची घडी घातल्याचा. परत आले तेव्हा हातात कोरा ताव आणि पेन होतं. ते दोन्ही त्यांनी तिच्यापुढे ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

"लिही. 'अमक्याने दाखवलंय की'. माझ्या हातून नाही होणार ते. विशेषणं तू घाल, मी कापतो. पुढच्या वर्षी परत पाठवू."

"पाठवू म्हणजे?"

"तुझं नाव सहअर्जदार म्हणून टाकतोय."

घाईबाईने पेन हातात घेतलं, पण टोपण काढलं नाही.

"सर, अर्जात माझं नाव असलं की मला त्या वर्षी समितीवर बसता येत नाही. तसा नियम आहे."

"आहे ना," सर म्हणाले. "तेवढा मी बरोबर वाचलाय."

काकूंनी चाळण उचलून ओट्यावर नेली, सालं गोळा केली आणि ओल्या फडक्याने टेबल पुसून घेतलं. आता आख्खं टेबल लिहायला मोकळं होतं.